धुळीच्या ग्रहावरचा मुका

मागच्या महिन्यात मुलीने घरातल्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं, आणि तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की मी ती यानाची मालिका बघत बसते. अगदी जुनी नव्हे. अगदी जुनी, घरोघरी काळे-पांढरे टीव्ही होते तेव्हाची, ती कुठे सापडत नाही. ही तिचीच नवी आवृत्ती. पहिली लोकांना फार आवडली होती म्हणून बऱ्याच वर्षांनी कुणीतरी ती रंगीत करून पुन्हा काढली. रविवारी सकाळी लागायची. पृथ्वीवरून निघालेलं एक यान, त्यातले वाट चुकलेले प्रवासी आणि दर रविवारी एक नवा ग्रह.

आता बघताना हसू येतं. सगळे ग्रह एकाच गिट्टीच्या खाणीत आहेत, हे उघड दिसतं. यानाचं दार उघडताना दुकानाचं शटर वर जाण्याचा आवाज होतो. खिडकीबाहेरचे तारे काळ्या कापडाला टाचलेले आहेत आणि कुठेतरी पंखा चालू असला की सगळं आकाश हळूहळू लहरतं. एक भाग आहे, त्यात सगळे हवेत तरंगतात, पण त्यातल्या बाईची ओढणी मुकाट्याने खाली लोंबत राहते. मध्येच एका रविवारी कप्तानच बदलतो आणि त्याबद्दल यानातलं कुणी एक अक्षर बोलत नाही.

मुलगी म्हणाली, "आई, तू हे खरंच आवडीनं बघायचीस?"

बघायचे. आणि आवडीने बघायचे. पण मला त्यातला जो भाग सगळ्यात जास्त आठवतो, तो मला कुठेच सापडेना. धुळीच्या ग्रहावर यान बंद पडतं. तिथे राहणारा मुका, रांजणाएवढ्या डोक्याचा, उंच, यानाला दोर बांधतो, तो दोर खांद्यावर घेतो आणि अख्खं यान ओढत निघतो. मागून प्रवासी पायी चालतात. धूळ गुडघ्यापर्यंत आहे, पण ती उडत नाही, पाण्यासारखी बाजूला सरते. वर दोन चंद्र. एक पिवळा, एक फिकट निळा. तो निळा मला अजून डोळे मिटले की दिसतो. मी सगळे भाग पाहिले, पुन्हा पाहिले. तो भाग त्या मालिकेत नाही. कधी नव्हताच. आणि मग हळूहळू लक्षात आलं की त्या सकाळी नेरला वीज गेली होती.

तो भाग मी पाहिला नव्हता, ऐकला होता. काकाजींच्या तोंडून.

काकाजी म्हणजे माझे घरमालक. मी नर्स म्हणून नेरच्या सरकारी दवाखान्यात लागले तेव्हा त्यांच्या घरातली मागची खोली मला मिळाली. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. नेरच्या बसस्टँडवर, जाळीच्या खिडकीमागे, माइकसमोर बसायचे. माणूस इतका उंच की त्या केबिनमध्ये उभा राहिला तर पंख्याला डोकं लागेल. त्यामुळे बसूनच असायचे, आणि गुडघे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर.

त्यांची घोषणा ऐकायला म्हणून लोक थांबायचे असं म्हटलं तर ते खोटं होईल. लोक बससाठीच थांबायचे. पण ऐकायचे मात्र सगळे. दुसऱ्या कुठल्याही स्टँडवर गाडीचं नाव सांगतात, फलाट सांगतात आणि संपलं. काकाजी शुद्ध, सावकाश मराठीत सांगायचे, "बोरी अरबकडे जाणारी गाडी सुटत आहे. प्रवाशांनी उजव्या बाजूला बसावे. डाव्या बाजूला ऊन आहे." कधी सांगायचे, "रस्त्याने पळस फुलला आहे, बघत जावे." एकदा वरून साहेब तपासणीला आले आणि हा काय प्रकार म्हणून त्यांना विचारलं. काकाजी म्हणाले, "साहेब, मानूस गाव सोडून चालला. त्याले फक्त फलाट नंबर सांगनं बरं दिसते का?" साहेबांनी कपाळाला हात लावला आणि चहा घेऊन निघून गेले.

माइकवरची भाषा वेगळी आणि घरातली वेगळी. घरात ते आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलायचे. घरातून कुणीही निघालं, अगदी दूधवाला निघाला, तरी "उतरतानी जपून" म्हणायचे. दाराला एकच पायरी होती, तीही बोटभर. अंतराळाबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "यान काय सिस्टरबाई, येस्टीच हाय. फक्त थांबे लांब लांब."

लग्नाआधी ते मुंबईत होते. लांबच्या एका भावाबरोबर सुतारकामाला गेले आणि एका स्टुडिओत पडदे, भिंती, खोटे दरवाजे ठोकायचं काम मिळालं. तिथेच ती जुनी यानाची मालिका बनत होती. त्यात धुळीच्या ग्रहावरचा एक मुका होता. ते काम करणारा नट एक दिवस आलाच नाही आणि काकाजींची उंची बघून दिग्दर्शकाने त्यांना मुखवट्यात घातलं. असं ते सांगायचे. मुका लोकांना आवडला, म्हणून मग दोन-चार भागांत पुन्हा आला, आणि दर वेळी आत काकाजीच होते. असंही तेच सांगायचे.

पण मुखवट्यात तोंड दिसत नाही, आणि मुक्याला आवाज नसतो. शेवटी जी नावं येतात त्यांतही त्यांचं नाव नव्हतं. गावी परत आल्यावर त्यांनी ही गोष्ट नेरमध्ये सांगितली तेव्हा लोक हसले, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांना मागून बुजगावणं म्हणत राहिले. त्यांनी कधी भांडण केलं नाही. सांगणंही सोडलं नाही.

काकू घरी ब्लाऊज शिवायच्या. बारीक चणीच्या, तोंडाने तिखट, आणि मनाने मला आईसारख्या. मी एकदा त्यांना हळूच विचारलं, काकाजी खरंच त्या मालिकेत होते का.

"मले काय माहीत," काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "लग्न झाल्यावर बाजूवाल्यायच्या घरी नेलं मले, टीव्ही पाहाले. एक रांजन चालत होता. हे म्हणे, मी हावो तो. आता मी रांजनाले कसं वळखू?"

"पण त्यांचं म्हणणं तुम्हाला खरं वाटतं का?"

"सिस्टर, ह्यायनं कधी मले दुसरी काही खोटी गोठ सांगतली नाही," त्या म्हणाल्या. "म्हून मी हे बी खोटं म्हनत नाही. पन खरं बी म्हनत नाही."

काकाजी बाहेर ओसरीवर होते. त्यांना ऐकू गेलं असावं.

मालिका पुन्हा सुरू होणार हे पेपरात आलं तेव्हा काकाजींनी सुट्टी टाकून अँटेना दुरुस्त केला. मारेगावला आमच्याकडे रविवारी सकाळी बाबा आम्हाला विहारात घेऊन जायचे. नेरला आल्यावर माझा रविवार काकाजींच्या टीव्हीसमोर जायला लागला. शनिवारची माझी नाइट असायची. सकाळी ड्युटी संपवून येईपर्यंत अंग जड झालेलं असायचं. काकू चहा द्यायच्या. मी भिंतीला टेकून खाली बसायचे, आणि मालिका सुरू झाली की माझे डोळे मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे. किती पाहिलं आणि किती स्वप्नात गेलं, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. यानाचा आवाज आणि काकूंच्या मशीनचा आवाज एकमेकांत मिसळून जायचा. खिडकीतून ऊन यायचं आणि पडद्यावर सांडायचं, त्यामुळे अंतराळ नेहमी थोडं पांढरं दिसायचं.

पहिल्याच रविवारी काकाजींच्या लक्षात आलं की नवीन मंडळींनी काम फार घाईने उरकलंय. कप्तानाच्या मिशीचं एक टोक सुटलं होतं. शेजारचे दोघं-तिघं बघायला आले होते, ते हसत सुटले. काकाजी हसले नाहीत.

"खोटं हाय," ते म्हणाले. "पन मनापासून खोटं हाय. पाहा, तो पोट्टा कसा घाबरला. मिशी निघाली तरी थांबला नाही."

त्या वर्षांत भारनियमन इतकं होतं की वीज असली तर आम्हाला आश्चर्य वाटायचं. मालिका अर्ध्यावर आली की पडद्याच्या मध्यभागी एक ठिपका उरायचा आणि तोही विझायचा. शेजारी उठायला लागायचे. काकाजी म्हणायचे, "बसा. कुठं चालले? त्यायची गाडी तं सुरूच हाय ना." आणि मग पुढचं तेच सांगायचे. काळ्या पडद्याकडे बघत, सावकाश, माइकवर बोलायचे तसं. खाणीचा ग्रह त्यांच्या तोंडून खाण राहायचा नाही. तिथे वारा यायचा, वास यायचा. कप्तान घाबरला तर का घाबरला ते कळायचं. वीज गेली की काकूंना शिवणातलं दिसायचं नाही, मशीन थांबायचं. त्या हात मांडीवर ठेवून बसायच्या. ऐकताय का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "छे. लाइनीची वाट पाहून राह्यली."

हे सगळं चालू असताना बाहेर काय चाललं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. गावातलं कापसाचं जिनिंग बंद पडलं होतं. बसस्टँडवर सुरतला, पुण्याला जाणाऱ्यांच्या पोतड्या दिसायच्या. शहरातून लोक कॅमेरे घेऊन यायचे आणि दवाखान्याच्या दारात मला एकच प्रश्न विचारायचे, किती शेतकरी गेले. मला त्याचं उत्तर देता येत नसे. एकेक माणसाचं तोंड आठवायचं. फवारणीचे दिवस आले की वॉर्ड भरायचा, खाटा व्हरांड्यात यायच्या, आणि त्या औषधाचा उग्र वास माझ्या केसांतून आंघोळ करूनही जायचा नाही.

अशाच एका हंगामात रेखा आली. बोरी अरबजवळच्या तांड्यावरची, नुकतं लग्न ठरलेलं होतं. दुसऱ्याच्या वावरात फवारणीच्या पंपाला पाणी देत होती. पंपाची नळी फुटली आणि सगळं तिच्या तोंडावर आलं. यवतमाळला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, औषध लिहून परत आमच्याकडे पाठवलं. रोज ड्रेसिंग करायचं आणि थांबायचं. नजर येईल की नाही, हे पट्टी निघाल्यावरच कळणार होतं.

तिची खाट व्हरांड्यात होती. आई जवळ बसलेली असायची. तिला ती याडी म्हणायची, आणि पहिले काही दिवस तेवढा एकच शब्द तिच्या तोंडून आला. खायची नाही. खाटेवरून उतरायची नाही. एकदा उतरायला गेली आणि खांबावर आदळली, तेव्हापासून ती पाय खाली सोडायलाच तयार नव्हती. आईने उचलून न्यायचं तेव्हा जायचं.

त्या रविवारी माझी डबल ड्युटी लागली म्हणून काकूंनी काकाजींच्या हाती डबा पाठवला. व्हरांड्याच्या टोकाला एक टीव्ही होता, कुणीतरी दवाखान्याला भेट दिलेला. मालिका सुरू होण्याची वेळ. काकाजी डबा हातात घेऊन तिथेच उभे राहिले. मग त्यांचं लक्ष रेखाकडे गेलं. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे होती आणि तिचं भिंतीकडे.

त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्या खाटेजवळ बसले. मला वाटलं चौकशी करतील. त्यांनी चौकशी केली नाही. टीव्हीकडे बघत बोलायला लागले. "यान उतरलं. बाहेर सगळा बर्फ हाय. पन पांढरा नाही, जांभया हाय, आपल्या जांभुयासारखा. कप्तान पाय ठेवून पाहून राह्यला, धरते का नाही म्हून."

पडद्यावर खाण होती आणि खाणीत मीठ पसरलेलं होतं.

रेखाचं तोंड भिंतीकडेच होतं. थोड्या वेळाने वीज गेली. जनरेटर फक्त बाळंतपणाच्या खोलीला होता. टीव्ही बंद झाला, पण काकाजी थांबले नाहीत. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"टीव्हीचा आवाज काहून बंद झाला?"

"अंतराळात आवाज नसते बेटा," काकाजी म्हणाले. "तिथं सगळं असंच चालते."

तिची आई हसली. मग रेखाही. पट्टीखालचे ओठ तेवढे हलले.

त्यानंतर काकाजी रोज यायला लागले. ड्युटीवर जाता जाता सायकल दवाखान्याच्या फाटकाला टेकवायचे. मालिका आठवड्यातून एकदा, पण रेखाला रोज पुढचं ऐकायचं असायचं. काकाजींनी ते सगळे ग्रह तिला दाखवले. धुळीचा ग्रह, तो मुका, ओढत नेलेलं यान, ते दोन चंद्र, आमच्या घरात जे सांगितलं होतं ते आणि आणखी कितीतरी. ती जेवायला लागली. मुका तिला फार आवडायचा. "तो आज आला का?" असं आधी विचारायची.

आणि मग एका रविवारी मुका खरंच आला. म्हणजे टीव्हीवर आला. नवीन मंडळींनी त्याला पुन्हा आणलं होतं, आदल्या रविवारी शेवटी तसं सांगितलंही होतं. काकाजी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काकूसुद्धा आल्या होत्या, डबा द्यायचं निमित्त करून.

नव्या मुक्याच्या डोक्यात लाल दिवे बसवले होते. तो मुका नव्हता. जाड्या, घोगऱ्या हिंदीत बोलत होता. तो यानात शिरला, प्रवाशांना बांधून टाकलं, यंत्र फोडलं आणि खदाखदा हसला.

काकाजी पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण गुडघ्यावर ठेवलेला हात नुसता पडला होता, कुणी दुसऱ्याने तिथे आणून ठेवावा तसा.

"हे कोन बोलून राह्यलं?" रेखाने विचारलं. "काकाजी, मुका आला का?"

काकाजी तिच्याकडे वळले. "आला."

"मंग हा आवाज कोनाचा?"

"तो दुसरा हाय," काकाजी म्हणाले. "वाईट हाय तो. यानात घुसला. मुका दरवाजात उभा हाय. त्याले आत येऊ देत नाही."

शेजारच्या खाटेवर दम्याची एक म्हातारी होती, नजर चांगली असलेली. ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "पन हा तं..." आणि थांबली. तिने रेखाकडे पाहिलं, मग काकाजींकडे. मग खोकल्याची उबळ येऊन गेली आणि ती म्हणाली, "हव ना. मुक्यानं धरला त्याले. चांगला धरला."

"मान धरली," पलीकडचा एक माणूस म्हणाला. त्याच्या हाताला सलाइन होती.

"यंत्र वाचलं का?" रेखाने विचारलं.

तेव्हा मागून काकूंचा आवाज आला. "वाचलं. थोडं इकडलं तुटलं. शिवता येते."

काकाजींनी मागे वळून पाहिलं. काकूंनी डब्याची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी रेखाने मला विचारलं, आता पट्टी कधी निघणार. डॉक्टर येणार तेव्हा, मी म्हटलं. "अन् दिसलंच नाही तं?" ती म्हणाली. मी काहीतरी बोलले, आम्ही जे बोलतो ते. काकाजी स्टुलावर होते. ते पुढे वाकून म्हणाले, "मुक्याले बी दिसत नव्हतं."

"काहून?"

"मुखवट्याले डोये काढाचे राहूनच गेलते. वरून रंगवले होते, भोक नव्हतं. कोनाच्या लक्षातच आलं नाही. मी पयल्यांदा आत गेलो तं अंधार. लाजंच्या मारं मी बी सांगतलं नाही, म्हटलं काम जाईन. पयल्याच पावलाले पडलो."

रेखा उठून बसली. "मी म्हंजे? तुम्ही होते का मुका?"

"हव."

"मंग चालत कसे होते?"

"एक लाइटवाला होता, म्हातारा मानूस. त्याच्या ध्यानात आलं. तो कॅमेऱ्यात दिसनार नाही असा पुढं पुढं चाले अन् टिचक्या वाजवे. टिचकी जिकडं, पाय तिकडं. थांबली तं थांबाचं. म्हून मुका मान तिरपी करून चाले. लोकायले वाटे, वा, काय चाल काढली. मी तं आयकत होतो."

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. इतकी वर्षं नेर गाव त्यांना हसलं होतं आणि मीही मनातल्या मनात थोडी हसले होते. पण न पाडलेल्या भोकांची ही गोष्ट कुणी घरी बसून रचत नाही. मला त्या क्षणी खात्री पटली, आणि पुढे कधी ती गेली नाही.

"चाल," काकाजी रेखाला म्हणाले. "पाय खाली सोड."

ती तयार नव्हती. आईने तिच्या भाषेत तिला काहीतरी समजावलं. मग तिने एक पाय सोडला, मग दुसरा. काकाजी दोन पावलं मागे सरकले आणि टिचकी वाजवली. त्यांची बोटं लांब होती, टिचकी सुकी, खणखणीत वाजायची. रेखाने मान तिरपी केली. पाऊल टाकलं. हात पुढे होते, ते हळूहळू खाली आले. व्हरांड्यातले लोक पाय आखडून घेत होते. म्हातारीने आपल्या चपला ओढून खाटेखाली केल्या. तो मोठा, उंच माणूस पाठमोरा चालत होता, आणि ती मुलगी त्याच्या मागून, खांब चुकवत, बादली चुकवत, पार हापशीपर्यंत गेली. तिथे कडुलिंबाची सावली अंगावर आली तेव्हा ती म्हणाली, "थंड लागून राह्यलं."

पट्टी निघाली त्या दिवशी काकाजी आले नाहीत. उजव्या डोळ्याला बऱ्यापैकी दिसायला लागलं होतं. डाव्याला नुसता उजेड कळायचा, आणि पुढेही तेवढंच राहिलं. रेखाने आईचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. मग व्हरांड्यात सगळीकडे मान फिरवली. "काकाजी कोनते?" तिने मला विचारलं.

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, तुम्ही यायला हवं होतं, पोरगी वाट बघत होती.

"तिच्या डोयात आता कुठं उजेड आला," ते म्हणाले. "त्याच्यात पयले मी कायले? तिच्या मनात जो हाय तो राहू द्या. मी काय, खाकी कपड्यातला बुढा."

तिला घरी सोडलं त्या सकाळी मी मायलेकींना बसस्टँडपर्यंत पोचवायला गेले. गर्दी होती. आम्ही फलाटावर उभ्या असताना भोंग्यातून आवाज आला, "बोरी अरबकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे." रेखा जागच्या जागी थांबली. तिने मान तिरपी केली. मी काही सांगितलं नाही. ती आवाजाच्या मागे गेली. आधी भोंग्याकडे, तिथे कुणी नव्हतं. मग वायरीच्या दिशेने जाळीच्या खिडकीपाशी. काकाजी खाली मान घालून पुढची घोषणा करत होते. तिने जाळीजवळ हात नेला आणि टिचकी वाजवली.

माइक चालू होता. ती टिचकी अख्ख्या स्टँडवर वाजली. लोकांनी वर पाहिलं. काकाजींनीही पाहिलं. घोषणा जिथे होती तिथेच राहिली. दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि भोंग्यातून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग रेखा म्हणाली, "लय उंच हाव तुम्ही," आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

गाडी त्या दिवशी उशिरा सुटली.

मालिका त्याच वर्षी बंद पडली. शेवट दाखवलाच नाही. एका रविवारी यान कुठल्यातरी ढगात शिरलं आणि पुढच्या रविवारी त्या जागी स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. शेजारी काकाजींना शेवट विचारायचे. वाटेत, किराणा दुकानात, बसच्या खिडकीतूनसुद्धा. काकाजी म्हणायचे, "पोचले नाहीत अजून." यापलीकडे काही सांगत नसत. मुक्याबद्दल मात्र पुन्हा कुणी हसलं नाही. दम्याची ती म्हातारी नेरचीच होती आणि तिने टिचक्यांची ती गोष्ट गावभर सांगून ठेवली होती.

पुढे माझी बदली मारेगावला झाली, लग्न झालं, मुलगी झाली. दिवाळीला फोन व्हायचा. काकाजी निवृत्त झाले, मग छातीच्या आजाराने अंथरुणाला लागले. गेल्याचं मला उशिरा कळलं. मी नेरला गेले तेव्हा काकू ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर मी विचारलं, शेवटी फार त्रास झाला का.

"दम लागे," काकू म्हणाल्या. "बोलता येत नव्हतं जास्त. तेच जड गेलं ह्यायले. तुम्ही गेल्यावर बी दर रविवारी टीव्हीपुढं बसत होते ना. बंद टीव्ही. मले सांगत बसत यानाचं. मी शिवत शिवत आयकत होती."

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"एका रविवारी बोलनं जमेच ना. म्हटलं, तुम्ही पडून राहा. आज शेवट सांगून टाका एका वाक्यात, लोकायले किती टांगून ठेवलं तुम्ही. तं म्हणे, मले माहीत नाही. मले वाटे, ह्यायले माहीत हाय अन् सांगत नाहीत. मंग मीच सांगतला."

"काय सांगितलं काकू?"

काकूंनी पदराने हात पुसले. "म्हटलं, ढगातून यान खाली आलं. इथंच, नेरच्या भायेर. कापूस फुटला होता, सगळं वावर पांढरं. आतल्यायले वाटलं, आपून अजून ढगातच हावो. म्हून कोनी दरवाजा उघडे ना. मंग सकायी वेचनाऱ्या बाया आल्या, त्यायनं दरवाजा ठोकला. म्हणे, कोन हाव, उतरा. तं उतरले सगळे, एक एक करून. मुका बी उतरला." त्यांनी आतल्या खाटेकडे पाहिलं. "हे डोये मिटून पडले होते. मले वाटलं झोप लागली. तं इचारते, मुक्याच्या डोक्यावरचं काढलं का कोनी?"

"मग?"

"म्हटलं, मी काढलं. मी बी होती वेचाले. तं म्हणे, आतमधी कोन निंघालं? म्हटलं, तुम्हीच."

ओसरीच्या पत्र्यावर चिमण्या चालत होत्या, त्यांच्या पायांचा आवाज येत होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. हसले," काकू म्हणाल्या. "म्हणे, लय गरम होत होतं आतमधी."